दगडखाण, क्रशर आणि आपलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाणीला लागून असलेल्या गावांतून फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि ग्रामसभा उठल्यावर पारावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक काळ्या दगडाच्या खाणींबद्दलचे आहेत, कारण महाराष्ट्रात गावाची गाठ सहसा त्याच खाणीशी पडते. कोकणातले चिरे आणि गोव्याचं लोहखनिज पुढे येईल. आधीच सांगून टाकतो, मी सरसकट खाणींच्या विरोधात नाही. माझ्या घराच्या स्लॅबमधली खडी कुठल्या तरी डोंगराचीच आहे.

१. आमच्याकडची दगडखाण कायद्याने 'खाण' ठरते का? सगळे तिला नुसतं गौण खनिज म्हणतात.

इमारतीचा दगड, खडी, मुरूम, साधी माती, साधी वाळू ही गौण खनिजं. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे आणि महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. म्हणून तुमचा संबंध तलाठी, तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी यांच्याशी येतो.

सुरक्षेचा कायदा मात्र वेगळा. त्यातून दगडखाणीला बरीचशी सूट मिळते, पण खोली कुठेही ६ मीटरच्या वर नको, एका दिवशी ५० हून जास्त माणसं कामाला नकोत आणि स्फोटकं अजिबात वापरायची नाहीत, या तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच. सुरुंग उडाला की सूट संपली आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम लागू झाले. 'आमची छोटी खाण आहे हो' हे उत्तर ऐकलंत तर आधी सुरुंग लावता का, एवढंच विचारा.

२. एक हेक्टरची खाण म्हणजे नेमका किती दगड? कागदावर ती छोटीच दिसते.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एक हेक्टर जागा ६ मीटर खोल खणली तर ६०,००० घनमीटर दगड निघतो, म्हणजे साधारण २१,२०० ब्रास. हे अखंड खडकाचं माप. फोडून खडी केली की मधल्या पोकळीमुळे घनफळ दीडपटीच्या आसपास फुगतं आणि मग ते ३१-३२ हजार ब्रास होतं. एका डंपरमागे चार ब्रास धरले तर गावच्या रस्त्यावरून जवळपास आठ हजार भरलेल्या फेऱ्या, आणि तेवढ्याच रिकाम्या. म्हणून खाणीचा परिणाम मोजताना खड्ड्याआधी रस्ता मोजावा. गावाला पहिला त्रास तिथूनच सुरू होतो.

३. सुरुंगाने घरांना तडे जातात का? खाणवाले म्हणतात, शक्यच नाही.

जाऊ शकतात. पण प्रत्येक तडा सुरुंगाचा नसतो, आणि हे आपणच आधी मान्य केलं तर पुढचं बोलणं सोपं जातं.

सुरुंगाच्या कंपनाचं माप 'जमिनीचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलला' असं असतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी मर्यादा दिल्या आहेत. कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्याच्या वर १५. जुनी देवळं, ऐतिहासिक वास्तू यांच्यासाठी त्याच क्रमाने २, ५ आणि १०. म्हणजे हेमाडपंती देवळाशेजारच्या खाणीला तुमच्या घराशेजारच्या खाणीपेक्षा कडक माप.

कंपन दोन गोष्टींवर ठरतं : अंतर, आणि एका क्षणी किती बारूद उडाली. वीस होल एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवले तर तेवढ्याच दगडासाठी धक्का बराच कमी बसतो. त्यासाठी वेगळे डिटोनेटर लागतात, ते महाग पडतात. भांडण बहुतेक इथेच असतं.

आता उलट बाजू. माणसाला सेकंदाला एक मिलिमीटरच्या आतलं कंपनही जाणवतं, आणि ताट-वाटी, खिडकीची काच खडखडते ती पुष्कळदा जमिनीमुळे नसून हवेतून आलेल्या धक्क्यामुळे. हिवाळ्यात सकाळी थंड हवा खाली बसलेली असताना तोच सुरुंग दुपारपेक्षा मोठा ऐकू येतो. घाबरणं खरं असतं, पण भिंतीचं नुकसान त्याच प्रमाणात झालेलं असेलच असं नाही.

आणि काळी माती. काळ्या रानात बांधलेली घरं पावसात उचलली जातात, उन्हाळ्यात खचतात. खाण नसलेल्या गावातही अशा भिंतींना पायऱ्यापायऱ्यांचे तडे दिसतात. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा दिसला तर आधी पायाखालच्या मातीवर संशय घ्या.

४. मग हा तडा सुरुंगाचाच, हे सिद्ध कसं करायचं?

खाण सुरू व्हायच्या आधीच्या नोंदीवरून. नंतर कितीही फोटो काढले तरी 'हा तडा आधीपासून होता' याला उत्तर नसतं. जवळच्या परिघातल्या घरांचा पंचनामा सुरुंग सुरू होण्यापूर्वी करून मागा. खाण आधीच चालू असेल तर आजपासून सुरुवात करा.

मी लोकांना असं करायला सांगतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. मग काचेची बोटभर रुंदीची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने किंवा एपॉक्सीने भिंतीला चिकटवा. तडा हलला की काच तडकते. तडकली त्या दिवशी त्याच फ्रेममध्ये दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढा. सोबत एका साध्या वहीत सुरुंगाची वेळ. एका गावात एका आजींनी ही वही दीड वर्षं ठेवली होती, किराण्याच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर. तारखा, वेळा आणि कंसात 'मोठा' किंवा 'बारका'. बैठकीत खाणवाल्याच्या इंजिनिअरने ती वही हातात घेतली आणि नंतर बराच वेळ पानंच उलटत बसला. पुढच्या महिन्यात कंपन मोजायचं यंत्र गावात आलं.

५. सुरुंगाचे दगड शेतात येऊन पडतात. किती अंतर राखायला हवं?

धातू खाणींसाठीचे १९६१ चे विनियम दगडखाणींनाही लागू आहेत. त्यांत सुरुंगाभोवती ३०० मीटरचा धोक्याचा टापू सांगितला आहे. त्या टापूतली माणसं हलवल्याशिवाय किंवा आडोशाला नेल्याशिवाय, भोंगा वाजवल्याशिवाय सुरुंग उडवायचा नाही. टापूत तुमचं शेत येत असेल तर तुम्हाला आधी वेळ कळणं हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे.

हे झालं सुरुंगाच्या वेळेपुरतं. खाण वस्तीपासून कायमची किती लांब हवी, यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे शिफारस केली होती : सुरुंग असेल तर किमान २०० मीटर, नसेल तर १०० मीटर. याखेरीज रेल्वे, सार्वजनिक रस्ते आणि दुसऱ्याच्या पक्क्या बांधकामापासून ४५ मीटरच्या आत खणायला वेगळी परवानगी लागते. आकडे वेगवेगळे आहेत कारण हेतू वेगवेगळे आहेत. बैठकीत त्यांची सरमिसळ झाली की समोरच्याचं फावतं.

शेतात पडलेला दगड उचलून फेकू नका. पडला तिथेच, शेजारी फूटपट्टी ठेवून, फोनचं लोकेशन चालू करून फोटो काढा.

६. खाण सुरू झाली आणि आमची विहीर आटली. खाणीमुळेच ना?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला आणि सगळ्यांत अवघड प्रश्न.

आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. वरचा मुरूम पाणी धरतो. त्याखालचा सच्छिद्र मांजऱ्या खडकही थोडंफार धरतो. मधला एकसंध काळा पाषाण जवळपास कोरडा, पाणी असतं ते त्याच्या भेगांत. विहीर खणताना जुने लोक 'झरा लागला' म्हणतात तो बहुधा दोन थरांच्या सांध्यावर किंवा भेगेत लागलेला असतो. क्रशरला हवा असतो तो हाच एकसंध पाषाण, आणि तिथवर पोचायला वरचा मुरूम आणि मांजऱ्या काढून टाकावा लागतो. थोडक्यात, पाणी धरणारा भाग कचरा म्हणून बाजूला पडतो.

खाणीचा तळ तुमच्या विहिरीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल आणि खाण उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर विहीर तिच्यामुळे आटण्याची शक्यता कमी. तळ पातळीच्या खाली गेला, खाणीच्या भिंतींतून पाझर दिसायला लागला आणि मोटार लावून उपसा सुरू झाला, तर ती खाण म्हणजे तुमच्या विहिरीच्या शेजारची एक अवाढव्य विहीरच झाली. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात सहसा 'भूजल पातळीच्या खाली खोदकाम करू नये' अशी अट असते. उपशाचा पाइप दिसला की ती अट काढून वाचा.

पण त्याच काळात शिवारात किती बोअर झाले? त्या वर्षी पाऊस किती झाला? ऊस वाढला का? हे प्रश्न समोरून येणारच, म्हणून आपण आधीच विचारलेले बरे. दोन गोष्टी वेगळ्या करायचा एक मार्ग आहे. दोरीला गाठी मारून महिन्याच्या ठरावीक तारखेला, पहाटे मोटार सुरू व्हायच्या आधी, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. खाणीजवळच्या दोन विहिरी आणि त्याच प्रकारच्या खडकातल्या लांबच्या दोन. जवळच्या खाली गेल्या आणि लांबच्या जागेवर राहिल्या, किंवा खाणीचा उपसा बंद असलेल्या महिन्यात जवळच्या वर आल्या, तर तुमच्या बोलण्याला वजन येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तुमच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे जुने आकडे जिल्हा कार्यालयात अर्ज करून मागा.

७. आमचं उलटं झालं. सुरुंगानंतर विहिरीला पाणी वाढलं, पण गढूळ येतंय.

असंही होतं. अगदी जवळच्या सुरुंगाने भेगा मोकळ्या होतात आणि नवा झरा जोडला जातो. गढूळपणा काही दिवसांत निवळला तर फार काळजी नको. निवळत नसेल तर डस्टच्या, म्हणजे क्रशरच्या भुकटीच्या, ढिगाचं पाणी ओढ्यातून विहिरीकडे येतंय का ते पावसात जाऊन पाहा. पिण्यासाठी वापरायचं असेल तर तपासणीत नायट्रेट मुद्दाम मागा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

८. खाणीत साचलेलं निळंशार पाणी टँकरने आणून प्यायला चालेल का?

निळा रंग शुद्धतेची खूण नाही. खोल आणि स्थिर पाण्यात गाळ खाली बसला की ते तसं दिसतं. बेसाल्टमधल्या खाणीत कोळशाच्या किंवा काही धातूंच्या खाणींसारखं आम्लपाणी सहसा तयार होत नाही, ही जमेची बाजू. पण स्फोटकांत अमोनियम नायट्रेट असतं आणि न जळालेला अंश पाण्यात उतरतो. यंत्रांचं डिझेल-ऑइल असतं, गुरं उतरतात, आणि खाण बंद झाल्यावर रात्री तिथे कुणी काय आणून टाकलं हे कुणालाच ठाऊक नसतं. बांधकामाला, झाडांना, धूळ दाबायला वापरा. प्यायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावरच.

९. क्रशरची धूळ किती चालते, हे ठरलेलं आहे का?

आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतले तरंगते कण घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. धूळ अडवणारी आणि दाबणारी व्यवस्था, वारा अडवणारी भिंत, आवारातले पक्के रस्ते, जमिनीवर नियमित पाणी आणि कडेने झाडांचा पट्टा हेही त्याच नियमात आहे. गावातल्या हवेला वेगळी मर्यादा : १० मायक्रॉनपर्यंतचे कण २४ तासांच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅम.

यंत्र नसलं तरी डोळ्यांनी बरंच कळतं. फवाऱ्याची नळी आहे, पण पट्ट्याखालची जमीन कोरडी ठणठणीत आहे? मग नोझल चोंदलेत किंवा पाणीच सोडलेलं नाही. खडी पट्ट्यावरून ढिगावर किती उंचावरून पडते? उंची वाढली की धूळ वाढते. पत्र्याचं आच्छादन चाळणीवर आहे की शेजारी गंजत पडलंय? पाहणीच्या दिवशी फवारे लग्नातल्या कारंज्यासारखे उडतात, त्यामुळे तुमचे फोटो आडवारचे असू द्या.

आणि सगळी धूळ क्रशरची नसते. डंपरच्या कच्च्या रस्त्याची धूळ पुष्कळदा क्रशरपेक्षा जास्त निघते. ताडपत्री आणि दिवसातून दोन-तीनदा टँकर एवढ्याने तिथे फरक पडतो.

१०. या धुळीने सिलिकोसिस होतो का?

सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो तो मुक्त सिलिकेच्या बारीक कणांनी. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना तो कसा गिळत आला, हे सर्वज्ञात आहे. वाळूचा खडक, क्वार्ट्झाइट, सिलिका वाळू यांत धोका मोठा. काळ्या बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका फार कमी असते, त्यामुळे गावात राहणाऱ्याला बेसाल्टच्या धुळीने सिलिकोसिस व्हायची शक्यता कमी. दमा, जुना खोकला, डोळ्यांची जळजळ यांसाठी मात्र धूळ कुठल्याही दगडाची पुरते.

कामगाराचं गणित वेगळं. वर्षानुवर्षं चाळणीशेजारी उभं राहणाऱ्या किंवा कोरडं ड्रिलिंग करणाऱ्या माणसाच्या छातीत गावकऱ्याच्या कित्येक पट धूळ जाते. सिलिकोसिसवर बरं करणारा उपाय नाही, आणि एक्स-रेमध्ये तो क्षयासारखा दिसू शकतो. क्षयाची औषधं पुरी करूनही दम लागत असेल तर डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

११. पिकांवर धूळ बसते. खाणवाले म्हणतात, दगडाची भुकटी खतच असते.

अर्धं खरं. बेसाल्टच्या भुकटीत कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, आणि ती शेतात मिसळून हवेतला कार्बन बांधण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. पण ते मातीत मिसळण्याबद्दल, आणि तिथेही ती सावकाश विरते. पानावर बसलेली धूळ ऊन अडवते, पर्णरंध्रं बुजवते, आणि द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या फळावर बसली तर बाजारात भाव पाडते. फुलोऱ्यातल्या ज्वारीवर दोन आठवडे धूळ बसून राहणं आणि नांगरटीआधी भुकटी पसरणं यांत औषध पोटात घेणं आणि डोळ्यात घालणं एवढा फरक आहे. भरपाई मागायची तर कृषी सहायकाकडून पंचनामा पीक उभं असतानाच करून घ्या.

१२. क्रशर रात्रभर चालतो. हे चालतं का?

राहत्या भागासाठी २००० च्या ध्वनी नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. क्रशरचे कामाचे तास बहुतेकदा प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात किंवा खाणीच्या अटींत लिहिलेले असतात. आधी ते पाहा.

१३. कुठले कागद मागायचे आणि त्यांत काय पाहायचं?

जिल्हाधिकारी कार्यालयाचा खाणपट्टा, राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची पर्यावरण मंजुरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र (क्रशरला वेगळं लागतं) आणि स्फोटकांचा परवाना. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सांगितलं. मंजुरीचे कागद 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर सापडतात. डंपरचा वाहतूक पास 'महाखनिज' प्रणालीतून निघतो.

मंजुरीपत्रात खाणपट्ट्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश असतात. ते फोनच्या नकाशात टाका आणि खाणीच्या काठाने चालत जा. आपण उभे आहोत तो खड्डा नकाशातल्या चौकोनाच्या बाहेर निघाला, तर पुढचं फारसं बोलावं लागत नाही. अवैध उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि महसूल खातं खड्ड्याची ईटीएस मोजणी (इलेक्ट्रॉनिक यंत्राने मोजणी) करून किती ब्रास गेला ते काढू शकतं.

१४. आमच्याकडे जनसुनावणी झालीच नाही. नियम मोडला का?

एकट्या, पाच हेक्टरपर्यंतच्या खाणीला सहसा जनसुनावणी लागत नाही. पण ५०० मीटरच्या आत एकमेकींना लागून असलेल्या खाणी एक समूह मानल्या जातात, आणि समूहाचं एकूण क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं की पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी आली. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये ही पळवाट बुजवली. त्यामुळे एकाच डोंगरावर चार नात्यातल्या माणसांच्या नावे चार छोटे पट्टे दिसले तर बेरीज करा.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. इतरत्र ग्रामपंचायतीचा ठराव मागितला जातो, पण त्याला पेसासारखं बळ नाही.

१५. घराचा पाया किंवा विहीर खणली तरी रॉयल्टी आणि मंजुरी लागते का?

पर्यावरण मंजुरीतून विहीर खणणं, मंजुरी न लागणाऱ्या इमारतीचा पाया, पुरानंतर शेतातली वाळू काढणं, कुंभाराने माती नेणं, गावाच्या वहिवाटीचा वापर यांना सूट आहे. रस्त्यांसारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी माती काढायला दिलेली सरसकट सूट मात्र सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली.

रॉयल्टीचं वेगळं. पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर भरावाला वापरली तर रॉयल्टी लागत नाही, असा निकाल पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. तीच माती ट्रकमध्ये भरून विकली की चित्र बदलतं. 'शेत सपाट करतोय' म्हणत डोंगर विकणारे महाभाग याच फटीत राहतात.

१६. कोकणातल्या चिरेखाणीत सुरुंग नसतो. तिथे काय नुकसान?

जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, यंत्राने कापतात, त्यामुळे धक्का नाही. पण जांभ्याचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, हा पाण्याचा स्पंज आहे. पावसाळ्यात तो पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुढे कित्येक महिने सोडत राहतो. वर कापलेल्या चौकोनी खड्ड्यांचा परिणाम खाली वाडीतल्या पऱ्यावर (ओढ्यावर) दिसतो, आणि तोही काही वर्षांनी. सड्यावर माती वीतभरही नसते, तरी पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या रानफुलांतल्या काही जाती दुसरीकडे सापडत नाहीत. सात-बारावर अशा जागेला 'पोटखराबा' म्हणतात. शब्दानेच अर्धं काम केलेलं असतं.

शिवाय कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, बारसू इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण यादीत नसलेली कित्येक सड्यांवर पसरली आहेत. चिऱ्याच्या यंत्राला हत्तीचं चित्र आणि कोरा कातळ यांतला फरक कळत नाही.

१७. गोव्यातल्या खाणींचं एवढं गाजलं, मग दगडखाणींचं का नाही?

आकार आणि पैसा. गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन माती-दगड काढून टाकावा लागतो. त्या ढिगांचा लाल गाळ पावसात शेतांत, ओहोळांत, नद्यांत उतरला आणि काही खड्डे भूजलाच्या खूप खाली गेले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तिथे धूळ, गाळ, ट्रक आणि आटलेल्या विहिरी यांच्यासोबत हजारो कुटुंबांचा गेलेला रोजगारही होता. दगडखाणी सुट्या-सुट्या आहेत आणि प्रत्येकीचा त्रास एका गावापुरता. बातमी होत नाही.

१८. नदी वाचवायची तर क्रश सँड वापरा म्हणतात. मग डोंगराचं काय?

प्रश्न रास्त आहे. क्रशरमध्ये उरणारी डस्ट धुऊन, चाळून वाळू म्हणून वापरली तर तो फायदाच. पण केवळ वाळूसाठी दगड फोडायला लागलो की नदीवरचा भार डोंगरावर जातो. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, तेव्हा मागणी वाढणार हे धरूनच चाला. माझं मत विचाराल तर तरीही नदीपेक्षा खाण बरी. नदीतून उपसलेल्या वाळूचा परिणाम पार खालच्या गावांपर्यंत जातो, खाणीला निदान काठ असतो. पश्चिम घाटात मात्र हे मत मी मागे घेतो. तिथल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांत खाणकाम आणि दगडखाणींवर बंदी सुचवलेली आहे, आणि सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला.

१९. खाण बंद झाली. आता खड्डा बुजवायला सांगावं ना?

दरवेळी नाही. आधी कुंपण. बंद खाणींच्या डोहात दर उन्हाळ्यात पोरं बुडतात, कारण काठ सरळ तुटलेला असतो आणि बाहेर यायला पायरी नसते. सरळ कडे तोडून टप्पे करणं, काठापासून आत उतार देणं आणि वेगळी ठेवलेली वरची माती परत पसरणं हे खाणवाल्याने यंत्रं हलवायच्या आत करायचं असतं. पोकलेन गेल्यावर कुणी येत नाही.

बुजवायचं तर कशाने, हा खरा प्रश्न. शहराजवळच्या खाणी कचऱ्याने भरल्या जातात आणि त्याचं काळं पाणी प्रश्न ६ मधल्याच भेगांतून विहिरींत येतं. पावसाचं पाणी साठवायला काही खाणी उत्तम असतात. आणि एक गंमत : जुन्या खाणींच्या उभ्या भिंतींच्या कपारींत शृंगी घुबडं घरटी करतात. अशी भिंत सापडली तर तेवढी राहू द्या.

२०. तक्रार कुठे करायची? मुदत असते का?

धूळ आणि आवाज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, हद्द आणि ब्रास तहसीलदाराकडे, सुरुंग खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. सगळं एकाच अर्जात घातलं की प्रत्येक कार्यालय तो दुसरीकडे पाठवतं. तीन अर्ज, तीन पोच.

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाला ३० दिवस, वादाला सहा महिने आणि भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं मिळतात. पुरेसं कारण दाखवलं तर प्रत्येकी ६० दिवस वाढवून मिळू शकतात.

२१. खाण माझ्याच शेतात आहे, करार करून दिली आहे. नंतरची जबाबदारी कुणाची?

करारात काय लिहिलंय ते आज रात्री वाचा. बहुतेक करारांत ब्रासमागे भाव असतो आणि खड्ड्याबद्दल एक ओळही नसते. हद्दीबाहेर खणलं, जास्त ब्रास काढला आणि दंड बसला तर त्याचा बोजा तुमच्या सात-बारावर चढू शकतो. खाणवाला दुसऱ्या तालुक्यात जातो, सात-बारा तुमच्याच नावावर राहतो. म्हणून किती खोल जायचं, शेजाऱ्याच्या बांधापासून साडेसात मीटर सोडायचे, वरची माती कुठे ठेवायची, टप्पे आणि कुंपण कुणी करायचं आणि ते होईपर्यंत किती रक्कम तुमच्याकडे अनामत राहील, हे लिहून घ्या. करार होऊन गेला असेल तर पुढचा हप्ता घेण्याआधी पुरवणी करार मागा.